अध्यापक महाविद्यालयांचे मूल्यमापन वर्गात व्हावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे दिवस आले की शिक्षक घडवणाऱ्या बी.एड. आणि डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) महाविद्यालयांच्या जाहिरातींत ‘शंभर टक्के निकाल’ हे शब्द ठळक छापलेले दिसतात. हा निकाल छात्राध्यापकांच्या परीक्षेचा असतो. तेथून बाहेर पडलेले शिक्षक पुढे मुलांना कसे शिकवतात, याची महाविद्यालयनिहाय नोंद केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे काही शाळांच्या गटावर देखरेख ठेवताना, माझ्या तरी पाहण्यात कधी आली नाही. टीईटीला (शिक्षक पात्रता परीक्षेला) दीडशेपैकी साठ टक्के गुण मिळवणाऱ्या उमेदवाराची विषयाची आणि बालमानसशास्त्राची जाण कळते. खडू हातात घेतल्यावर तो काय करतो, हे त्या गुणांवरून कळत नाही.

दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये वीस आठवड्यांची आंतरवासिता असते, आणि ती योग्यच आहे. परंतु सराव पाठ बहुधा एका इयत्तेच्या भरलेल्या वर्गावर, टाचण आणि तक्ते तयार ठेवून होतो. डी.एल.एड. झालेला नवा शिक्षक मात्र पाटण किंवा जावळीतील एखाद्या द्विशिक्षकी शाळेत रुजू होतो, तेव्हा त्याच्यासमोर पहिली-दुसरी एकाच खोलीत बसलेली असते. अर्ध्या मुलांना काना-मात्रा शिकवत असताना उरलेल्यांच्या हातच्याच्या वजाबाकीवर नजर ठेवायची असते. प्रशिक्षण उपयोगी पडले की नाही, ते खरे येथे दिसते.

यावर विद्यार्थ्यांच्या गुणांवरून महाविद्यालयांची क्रमवारी लावा, असे कोणी सुचवेल. ते धोक्याचे आहे. अमेरिकेत विद्यार्थ्यांची प्रगतीही मोजणारे असे नियम 2016 मध्ये जाहीर झाले आणि पुढच्याच वर्षी तेथील संसदेने (काँग्रेसने) ते रद्द केले. त्याआधी 2014 मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशन या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेने बजावले होते की, बहुतेक अभ्यासांनुसार विद्यार्थ्यांच्या गुणांतील तफावतीपैकी सुमारे एक ते चौदा टक्केच वाटा शिक्षकांचा असतो. ऊसतोडीच्या हंगामात ज्या वर्गाचा पटच बदलतो, त्या वर्गाचे गुण सातारा शहरातील शाळेशी ताडून पाहण्यात काय हशील? शिवाय एका महाविद्यालयाचे मोजकेच पदवीधर एका वर्षी नोकरीला लागतात आणि तेही शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमार्फत जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरतात. एवढ्या थोड्या संख्येवर एका वर्षात निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल.

तेव्हा जिल्हा परिषदेने फलटणच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या मदतीने नवनियुक्त शिक्षकांची पहिली तीन वर्षे नोंद ठेवावी, असे मी सुचवतो. वर्षातून दोनदा एकाच नमुन्यानुसार पाठनिरीक्षण व्हावे, आणि ते शेरेबुकात ‘काम समाधानकारक’ लिहून आटोपणारे नसावे (असे शेरे मीही पुष्कळ वाचले आहेत). सोबत मुख्याध्यापकांचा अभिप्राय असावा आणि प्रशिक्षणात काय कमी पडले, हे खुद्द शिक्षकालाही विचारावे. तुलना सारख्या परिस्थितीतील शाळांमध्येच व्हावी आणि या नोंदींचा त्या शिक्षकाच्या बदलीशी वा वेतनवाढीशी संबंध नसावा, अन्यथा खरे उत्तर कोणी देणार नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1935 मध्ये साताऱ्यात अध्यापक विद्यालय काढले, तेव्हा खेड्यांतील व्हॉलंटरी शाळांना प्रशिक्षित शिक्षक मिळावेत हा हेतू होता. म्हणजे प्रशिक्षण आणि शाळा यांचा धागा आरंभापासून जोडलेला होता. आज तीन वर्षांच्या नोंदींतून एखाद्या अध्यापक विद्यालयाचे माजी विद्यार्थी बहुवर्ग अध्यापनात सातत्याने अडखळताना दिसले, तर त्या विद्यालयाला तसे लेखी कळवावे आणि पुढच्या तुकडीचे काही सराव पाठ द्विशिक्षकी शाळांतच ठेवण्यास सांगावे.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त केंद्रप्रमुख, सातारा