चार्जिंग पोर्ट गेला म्हणून अख्खा पंखा भंगारात?

मा. संपादक,

पावसाळ्यात गोव्यात लाईट जाणं ठरलेलंच, त्यामुळे आता बहुतेक घरांत चार्जिंगचा पंखा नाहीतर इमर्जन्सी दिवा असतोच. आणि त्यात सगळ्यात आधी काय जातं तर चार्जिंग पोर्ट, म्हणजे केबल लावायची जागा. मोटर चांगली, बॅटरी चांगली, पण केबल एका बाजूला दाबून धरली तरच चार्ज होणार आणि मग एक दिवस तेही बंद.

आमच्या पंख्याचं तेच झालं. सर्व्हिस सेंटरवाल्याने उघडूनही न बघता सांगितलं, सुटा पोर्ट मिळत नाही, बोर्ड बदलावा लागेल, त्यापेक्षा नवीनच घ्या. शेवटी म्हापशातल्या एका मोबाईल रिपेअरवाल्याकडे दिला. त्याने आधी बॅटरीची वायर सोडवली, मग फ्लक्स (सोल्डरिंगला मदत करणारी पेस्ट) लावून गरम हवेच्या मशीनने जुना मायक्रो यूएसबी पोर्ट उचलला तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. आपली हवा खारी आणि दमट, त्यात ओलसर पोर्टला चार्जर लावला की पिना भराभर गंजतात. मायक्रोच्या जागी टाइप-सी सरळ बसत नाही म्हणून त्याने तयार मिळणारा छोटा टाइप-सी बोर्ड घेतला, प्लस-मायनसच्या दोन वायरी जोडल्या आणि बॉडीचं भोक कानशीने थोडं मोठं केलं. त्या बोर्डावर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर (वस्तू जोडली आहे हे चार्जरला कळवणारे बारीक भाग) आहेत ना हे त्याने मुद्दाम बघून घेतलं, कारण ते नसले तर दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावल्यावर चार्जर करंटच सोडत नाही आणि माणसाला वाटतं वस्तूच बिघडली. स्वस्तातल्या कितीतरी नव्या वस्तूंतसुद्धा ते नसतात! पंखा आता मोबाईलच्याच चार्जरवर मस्त चालतो.

केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका जागी देणारं राइट टू रिपेअर पोर्टल काढलं, चांगलं केलं. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवीन नियम आले, त्यात रिसायकलिंगची जबाबदारी कंपन्यांवर आहे. पण वस्तू दुरुस्त झाली तर ती कचऱ्यात जाणारच नाही ना? मोबाईल, फ्रिजबद्दल सगळे बोलतात, ट्रिमर, दिवा, डास मारायच्या बॅटसाठी कोण भांडणार? माझं म्हणणं एवढंच की कंपन्यांनी पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर स्क्रूने बसवावा आणि तो सुटा विकावा. यात अवघड काही नाही, बऱ्याच मोबाईलमध्ये चार्जिंगचा बोर्ड वेगळाच असतो.

आणि सरकारला एक विनंती. आपल्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांना हे काम हातात द्या, गणेश चवथीच्या आधी पंचायतीच्या हॉलमध्ये एक-एक दिवस रिपेअर कॅम्प लावा, सामानाचा खर्च लोक आनंदाने देतील.

- एक वाचक, बार्देश