भाषा शिकलेल्यांना काम आहे, मंत्रिमहोदय, पद नाही

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्र शिक्षण,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आम्हीही पेढे वाटले. पुढे कॉलेजप्रवेशाचे दिवस आले आणि भाषा घेऊ म्हणणाऱ्या पोरांना घरोघर नेहमीचाच प्रश्न ऐकावा लागला : "मराठी घेऊन काय करणार? मास्तर होणार? भरती कुठाय?" असं विचारणारे आईबाप अडाणी नाहीत. नेट-सेट झालेला शेजारचा मुलगा तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत धावताना आणि मे महिन्यात बिनपगारी घरी बसलेला त्यांनी पाहिलेला असतो. माझं भांडण त्यांच्याशी नाही. भाषेच्या पदवीपुढे मास्तरकी ही एकच वाट आहे असं विद्यापीठांनीच वर्षानुवर्षं धरून चालवलं, लोकांनी ते खरं मानलं.

मी रत्नागिरीत जिल्हा न्यायालयाजवळ टायपिंग आणि भाषांतराचं दुकान चालवतो. माझ्या टेबलावर काय येतं ते सांगतो. जिल्हा न्यायालयाचं काम मराठीत चालतं, उच्च न्यायालयाचं इंग्रजीत. इथल्या निकालावर उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे अपिलात जायचं म्हटलं की जबाब, पंचनामे, खरेदीखतं, फेरफार यांचं इंग्रजी करावं लागतं. आखातात नोकरी लागलेला मुलगा बायकोला तिकडे न्यायची म्हणून निकाहनामा घेऊन येतो, तो उर्दूत. जमिनीचा वाद जुना असला की माळ्यावरच्या ट्रंकेतून मोडीतले कागद निघतात. खोती, म्हणजे गावचा महसूल खोतामार्फत वसूल करायची पद्धत, १९४९च्या कायद्याने गेली, पण खोत आणि कुळं यांचे दावे अजून तारखांवर आहेत आणि त्यांचा पुरावा बऱ्याचदा मोडीत आहे. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची राज्यभर शोधाशोध झाली ती आपल्याला आठवत असेलच. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, त्याबद्दल मला आदरच आहे. पण थोड्या दिवसांच्या वर्गात अक्षरओळख होते. घाईत ओढलेलं अक्षर, फारसी शब्दांची रेलचेल, शुहूर सन या जुन्या कालगणनेचं गणित, जुनी मापं, महसुलाची जुनी पद्धत, हे सगळं हाताखालून जायला दोन वर्षं लागतात. ते विद्यापीठाचं काम आहे.

आता कागदाबाहेरचं. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, मिरकरवाड्यातून नौका सुटतात, आणि त्यांवर खलाशी म्हणून नेपाळची पोरं असतात. पावस असो की देवगड, हापूसच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं येऊन राहतात. या माणसांना ताप येतो, साप चावतो, बायका बाळंत होतात, कधी मारामारीही होते. सरकारी दवाखान्यात डॉक्टर आणि बाळंतीण यांच्यामध्ये दुभाष्या कोण? मुकादम, नाहीतर नवरा, नाहीतर शाळेत जाऊन मराठी शिकलेलं तिचंच पोर. आईला कुठे दुखतं हे त्या पोराने सांगायचं! पोलीस ठाण्यात जबाब होतो तोही असाच, मोडक्या हिंदीत. आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला कळेल अशा भाषेत सांगावी, असं फौजदारी प्रक्रियेचा कायदाच म्हणतो. सांगणारा माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न मात्र त्या त्या दिवशी कोर्टाच्या आवारात सुटतो किंवा सुटत नाही.

नेपाळी काही परकी म्हणून बाजूला टाकायची भाषा नाही. कोकणी आणि मणिपुरीबरोबर ती १९९२ साली आठव्या अनुसूचीत आली. देवनागरीत लिहिली जाते, तिच्यात नेटची परीक्षा होते. मराठी मुलाला ती कामापुरती यायला फार काळ लागू नये. पण कोकणातल्या मुलाला विद्यापीठात जाऊन नेपाळी शिकावी असं सुचावं तरी कसं, जोवर दवाखान्यात किंवा कोर्टात तिची नोकरी नाही?

बाहेरच्या देशांत दक्षिण आशियाई भाषा एका छपराखाली शिकवतात. जर्मनीत हायडेलबर्गला १९६२पासून त्यासाठी स्वतंत्र संस्था आहे. मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश मी दुकानात सतत उघडतो, तो शिकागो विद्यापीठाने सर्वांसाठी फुकट खुला ठेवला म्हणून. त्यांचे आभारच. रायगडातल्या कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली आहे, तिच्यावरचा मोठा अभ्यासही एका अमेरिकन प्राध्यापकाने केला. आपल्याकडे मुंबई विद्यापीठात मराठी, गुजराती, उर्दू, सिंधी, कन्नड, पाली असे सगळे विभाग आहेत. विद्यार्थी मात्र एका दारातून आत जातो आणि त्याच दारातून बाहेर पडतो. दर ६ जानेवारीला ज्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो ते पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर, १८३२ साली त्यांनी 'दर्पण' हे वृत्तपत्र काढलं ते मराठी आणि इंग्रजी अशा जोड स्तंभांत. बंगाली, गुजराती, कानडी, फारसीही त्यांना येत होत्या. तेव्हा याच किनाऱ्यावरचा माणूस एका भाषेवर थांबला नव्हता.

यंत्राचं काय, असं आपले अधिकारी विचारतील. यंत्र मीही वापरतो, सरळ मजकूर ते झरझर उरकतं. पण कूळ कोण आणि मालक कोण हे एका वाक्यात उलटलं तर अशिलाची जमीन जाते, आणि भाषांतराखाली सही माणसालाच करावी लागते. शिवाय यंत्र शिकतं कशावर? २०२२ साली केंद्राने यंत्राने भाषांतर करणारी 'भाषिणी' आणली, हेतू चांगला आहे. तरी सावंतवाडीच्या आजीने फोनवर मालवणीतून तक्रार सांगितली, किंवा संगमेश्वरी, बाणकोटी, कातकऱ्यांची बोली कानावर पडली, तर वर्तमानपत्री मराठीवर वाढलेलं यंत्र गडबडतं. या बोली ध्वनिमुद्रित करणं, लिहून काढणं, त्यांवर खुणा करणं हे भाषाविज्ञान शिकलेल्याचं काम. ते आज नगावर पैसे देऊन, ज्याला मोबाइल चालवता येतो त्याच्याकडून करून घेतलं जातं.

आणि ज्या नोकऱ्या आहेत त्यांचीही वार्ता वेळेवर पोचत नाही. बँकांत राजभाषा अधिकाऱ्यांची भरती निघते. त्याला सहसा हिंदीची पदव्युत्तर पदवी लागते आणि पदवीला इंग्रजी विषय असावा लागतो. हे मुलीला तृतीय वर्षाचा निकाल हातात आल्यावर कळलं तर उपयोग काय? प्रथम वर्षाच्या प्रवेशखिडकीवर हे सांगणारं कुणी बसलेलं मी पाहिलेलं नाही.

म्हणून मागणी अशी. मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी उपकेंद्रात दक्षिण आशियाई भाषा आणि भाषांतराचा दोन वर्षांचा पूर्ण पदव्युत्तर अभ्यासक्रम द्या. मराठी पायाला, जोडीला उर्दू, कन्नड, नेपाळी यांतली एक, मोडी सक्तीची, आणि कोकणातल्या एका बोलीचं क्षेत्रकाम. नव्या शैक्षणिक धोरणात पदव्युत्तर पहिल्या वर्षी प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण ठेवलेलंच आहे. ती मुलं जिल्हा न्यायालयात, दुय्यम निबंधकाकडे, जिल्हा रुग्णालयात पाठवा. प्रमाणपत्राचा छोटा वर्ग मात्र कृपा करून नको. दीपप्रज्वलन होतं, फोटो छापून येतो, आणि शिकवणाऱ्याचं मानधन थकलं की वर्ग बंद पडतो.

दुसरी गोष्ट आपल्या एकट्याच्या खात्यातली नाही, पण आपण पुढाकार घेतलात तर होईल. विधी व न्याय आणि आरोग्य या खात्यांशी बोलून जिल्हावार दुभाष्यांची अधिकृत यादी करा, पानाचा आणि तासाचा दर ठरवा. आज एका पानाला कुणी काहीही मागतं आणि कुणी काहीही देतं, मीसुद्धा त्यातलाच. दर ठरला तर माझा धंदा कमी होईल, होऊ दे. उपकेंद्रातून शिकून आलेली मुलगी माझ्यापेक्षा चांगलं मोडी वाचणार असेल तर टेबल तिचं.

जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. त्याआधी तासिका तत्त्वावरची नव्हे, पूर्ण वेतनाची निदान तीन अध्यापकपदं मंजूर झाली, तरच यंदा जाहिरात निघेल. वित्त विभागाकडे प्रस्ताव मार्चपूर्वी जायला हवा, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आपला,
कोर्टासमोरचा एक भाषांतरकार
रत्नागिरी