गाभाऱ्यातल्या दुधाचे पुढे काय झाले?

महोदय,

अन्नाची नासाडी थांबवा, असे फलक शाळाशाळांतून रंगवले जातात, मुलांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या जातात आणि त्याच दुपारी ताटल्या धुण्याच्या नळाशी ठेवलेली बादली खिचडीने नेहमीसारखीच भरते. प्राथमिक शाळेत तीस वर्षे शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, जे घोषणेने साधत नाही ते गोष्टीने साधू शकते. मात्र तात्पर्य सांगण्याचा मोह आवरावा लागतो.

गेल्या श्रावणात तिसरीच्या मुलांना मी खुलभर दुधाची कहाणी सांगितली. महादेवाचा गाभारा भरण्यासाठी राजा गावातले सगळे दूध मागवतो, लोक धाकापोटी लेकरावासरांच्या तोंडचे दूधही आणून ओततात, तरी गाभारा भरत नाही. आणि घरच्यांना व वासरांना पाजून उरलेले खुलभर दूध म्हातारी आणते, तेव्हा तो भरतो. मी तिथेच थांबले. मागच्या रांगेतून प्रश्न आला, "बाई, मग एवढ्या दुधाचं काय झालं?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मुलांनी कळशा आणल्या, घरोघर वाटप ठरवले, तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "तोवर ते नासलं असेल."

उरलेले अन्न वाचवण्यातली खरी अडचण तिने नेमकी पकडली होती. लग्नात उरलेला भात गरजूंपर्यंत न्यायचा तर तो पातेल्यातला हवा, कोणाच्या पानातला नव्हे, आणि आंबण्याआधी पोहोचायला हवा. मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या रोटी बँकेची माहिती मग मुलांनी कान देऊन ऐकली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले ६० टक्के घराघरांतले होते. हा आकडा तिसरीतल्या मुलाला कळत नाही (मोठ्यांनाही तो फारसा बोचत नाही), पण नासलेल्या दुधाने भरलेला गाभारा त्याला दिसतो, त्याचा वासही येतो.

अर्थात, बादली त्या दिवशीही भरलीच. गोष्टीच्या आडून मुलांना लाजवणे किंवा ताटलीतले सगळे संपवण्याची सक्ती करणे मला मान्य नाही, कारण नासाडीची सुरुवात बहुतेकदा वाढणाऱ्याच्या डावापासून होते आणि पंगतीत नको म्हणणाऱ्याच्या पानात जिलेबी टाकणारे आपणच असतो.

शिक्षण विभागाला माझी सूचना एवढीच की, परिपाठातली बोधकथा आठवड्यातून एकदा तरी खिचडीच्या सुट्टीआधी दहा मिनिटे सांगितली जावी. आपल्या बालपुरवणीतही अशा कहाण्या शेवट न छापता द्याव्यात आणि मुलांनी लिहून पाठवलेले शेवट पुढच्या अंकात प्रसिद्ध करावेत, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा