‘टाकाऊतून टिकाऊ’ शेवटी आमच्याच दारात येतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पानावर शाळांच्या प्रदर्शनांचे फोटो येऊ लागले की मला हसू येतं. त्या फोटोतल्या वस्तू पुढे कुठे जातात, ते मी रोज बघते. पारडी भागात आमचं कबाडीचं दुकान आहे. यजमान गाडी घेऊन माल आणायला जातात, मी काट्यावर बसते. बी.कॉम. केल्याचा उपयोग एवढाच, की हिशेब चुकत नाही.

मागच्या डिसेंबरात मुलीच्या शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ वस्तूंचं प्रदर्शन होतं. मुलगी सातवीत. म्हणाली, “आई, चार बाटल्या दे, पण पोत्यातल्या नको. मॅडमनी स्वच्छ आणायला सांगितल्या.” त्याच संध्याकाळी तिच्या वर्गातल्या एका मुलाचे बाबा स्कूटरवर आले आणि एक लिटरच्या वीस बाटल्या मागू लागले. कशाला, विचारलं. म्हणाले, “पोट्ट्याला रॉकेट बनवायचंय.” मी दुप्पट भाव लावला. धंदा तो धंदा. दुसऱ्या एका घरी तर पाण्याच्या सीलबंद बाटल्यांचा खोका आणला आणि पाणी कुंड्यांत ओतून बाटल्या रिकाम्या केल्या म्हणे. म्हणजे टाकाऊ वस्तू मिळेना, म्हणून आधी ती विकत आणून टाकाऊ केली.

प्रदर्शन देखणं झालं, खोटं कशाला बोलू. पेनस्टँड, झुंबर, लटकत्या कुंड्या, थर्माकोलचा डोंगर, त्यावरून वाहणारी चमकीची नदी. पाहुण्यांनी फीत कापली. तीही प्लास्टिकची होती, पण जाऊ द्या.

आठवड्याभरानं शाळेचे शिपाईदादा हातगाडी भरून तोच सगळा माल आमच्या दारात घेऊन आले. “ताई, लावा भाव.”

मी एक बाटली उचलली. बाहेरून ऑइलपेंट, त्यावर गोंद, गोंदावर चमकी. तोंडाशी लोकर गुंडाळून चिकटवलेली, तळाशी उभी राहावी म्हणून सिमेंट ओतलेलं. हीच बाटली महिन्याभरापूर्वी चांगला माल होती. कारखान्यात धुतली असती, तिचे तुकडे झाले असते, त्यांचा धागा निघाला असता. थंडीत आपण स्वस्तातलं ब्लँकेट पांघरतो ना, त्यात असाही धागा असतो. रंग आणि सिमेंट लागल्यावर मात्र तिला कुणी हात लावत नाही. त्या हातगाडीतून मी जेमतेम चार-पाच किलो पुठ्ठा निवडून घेतला. बाकी सगळं दुसऱ्या दिवशी कचरागाडीत, आणि तिथून भांडेवाडीला, शहराच्या कचरा डेपोत. टिकाऊ झालं हे मात्र खरं. आमच्या नातवंडांपर्यंत नक्की टिकेल.

माझी तक्रार कलेवर नाही, मॅडमवर तर मुळीच नाही. त्यांना वर्षाचे उपक्रम पूर्ण करून दाखवायचे असतात. पण जी वस्तू पुन्हा वापरात आली असती, ती आपण मुलांच्याच हातून कायमची बाद करतो आणि त्याबद्दल त्यांना बक्षीस देतो, हे कुणालाच कसं खटकत नाही?

भांडेवाडी आमच्यापासून लांब नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की ढिगाला कुठेतरी आग लागल्याची बातमी येतेच. वाऱ्याची दिशा फिरली की दोरीवरचे कपडे पुन्हा धुवायचे. मुलांना वाटतं कुणीतरी मुद्दाम पेटवतं. तसंही होत असेल, पण ढिगाच्या पोटातही कारण असतं. भाज्यांची देठं, शिळी भाजी-पोळी, संत्र्याची सालं खाली दबतात, हवा मिळत नाही, आणि बिनहवेचं कुजताना मिथेन वायू तयार होतो. तो जळणारा वायू. म्हणून वरून पाण्याचे बंब मारले तरी आत धुमसत राहतं. पावसाळ्यात त्याच ढिगातून काळं पाणी झिरपतं. आता जुना ढीग उकरून चाळण्याचं, ज्याला बायोमायनिंग म्हणतात ते कामही हाती घेतलं गेलं. पण उद्याचा कचरा तसाच मिसळून गेला तर चाळणी कुठवर पुरणार? ज्या गावात 1958 पासून नीरीसारखी पर्यावरणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था उभी आहे, त्या गावातल्या सातवीच्या पोरीला आपल्या कचऱ्याचा पत्ता माहीत नाही. वहीत मात्र सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं : ‘कचरा ओला व सुका असा वेगळा करावा.’ 2016च्या घनकचरा नियमांत सेल, ट्यूबलाइट, जुनी औषधं यांचा तिसरा घरगुती घातक गटही होता. तो वहीत नव्हता.

एका रविवारी मी तिला दुकानात बसवलं. बादलीभर पाणी घेतलं. पाण्याची एक बाटली आणि तिचंच झाकण कात्रीनं कापून तुकडे बादलीत टाकले. बुडबुडे चिकटतात म्हणून बोटानं दाबून सोडायचे. बाटलीचे तुकडे तळाला गेले, झाकणाचे वर आले.

“एकाच बाटलीचे ना गं हे?”

एकाच बाटलीचे, पण प्लास्टिक दोन जातींचं. कारखान्यातही असंच पाण्यात टाकून वेगळं करतात, फक्त बादलीऐवजी हौद असतो. मग तिला थांबवणं कठीण झालं. दुधाची पिशवी तरंगली, शाम्पूच्या बाटलीचा तुकडा तरंगला, मोडकी पारदर्शक पट्टी बुडाली. बुडांवरचे त्रिकोणातले आकडे शोधायला लागली : बाटलीवर 1, शाम्पूवर 2, तिच्या स्वतःच्या डब्यावर 5. वेफर्सचं पाकीट उलटं केल्यावर आतली चांदी दिसली. ती अ‍ॅल्युमिनियमची, प्लास्टिकला अशी चिकटलेली की आमच्या धंद्यात कुणी सोडवत बसत नाही. म्हणून त्या पाकिटाला आमच्याकडे भाव नाही. “मग बनवतात कशाला?” तिनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. म्हटलं, मॅडमना विचार, आणि मॅडमना म्हणावं कंपनीला विचारा.

त्या रविवारपासून घरात एक बदल झाला. दुधाच्या पिशवीचा कोपरा ती पूर्ण कापत नाही, लटकता ठेवते. सुटलेला चिमुकला तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, ओल्या कचऱ्यात जातो.

आमच्याकडे सकाळी माल घेऊन येणाऱ्या बाया आहेत. त्यातल्या एक मावशी प्लास्टिक कानाजवळ चुरगाळून नुसत्या आवाजावरून सांगतात, हे कुरकुरतं, या पोत्यात, हे मऊ, त्या पोत्यात. शाळा पाहिलेली नाही. पर्यावरण दिनाला शाळांमध्ये भाषणाला साहेब येतात, शाल-श्रीफळ घेतात, जातात. त्या दिवशी या मावशींना का बोलावू नये? पण त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, तेव्हा मानधन द्या. नुसता गुच्छ नको.

कबाडीवाले काट्यात मारतात, असं आपले वाचक म्हणतील. सगळे धुतल्या तांदळासारखे नाहीत, मान्य. आणि रद्दीवर पाणी शिंपडून आणणारे गिऱ्हाईकही मी पाहिलेत, तेव्हा हिशेब बरोबर. मुलांनी येऊन काटाही तपासावा. तोही विज्ञानाचाच भाग झाला.

ओल्या कचऱ्यासाठीही फार लांब जायला नको. माझं माहेर पुसदकडचं. तिकडचेच नारायण देवताव पांढरीपांडे यांनी काढलेली नाडेप खताची पद्धत आमच्या वडिलांनी शेतात केली होती. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच विटांचं टाकं, भिंतींना मुद्दाम भोकं ठेवलेली, म्हणजे हवा खेळते. आत काडीकचरा, माती, शेणकाला, पुन्हा काडीकचरा. तीन-चार महिन्यांत खत. भांडेवाडीच्या ढिगात जे हवेविना सडतं, तेच इथे हवेमुळे काळं भुसभुशीत होतं. शाळेच्या मैदानात एवढं मोठं टाकं नको, याच्या पावपट पुरे. हिवाळ्यात डब्याच्या सुटीनंतर संत्र्याची सालं पॉलिथिनमध्ये गाठ मारून फेकलेली असतात, ती तरी तिथे जातील.

सहली रमण विज्ञान केंद्राला जातात, महाराजबागेत जातात. जाव्यातच. पण कबाडीच्या दुकानात आलेली शाळेची सहल मी आजवर पाहिली नाही. यंदाच्या प्रदर्शनाच्या आधी कोणत्याही शाळेनं वीसेक मुलं आमच्याकडे पाठवावीत. आमचा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. शनिवारी सकाळी दहाच्या आत यावं, त्यानंतर माल उतरतो आणि उभं राहायला जागा उरत नाही. बादली आणि कात्र्या आम्ही देऊ. फक्त मुलांना बूट घालून पाठवा, चपला नकोत. खाली काच असते.

आपली,
एक वाचक, पारडी, नागपूर