ग्रंथपाल ताईंना अनावृत पत्र : समासातल्या प्रश्नांसाठी आभार

आदरणीय ग्रंथपाल ताईंस,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, गेली काही वर्षे मी जे थोडेफार लिहिते आहे ते तुमच्यामुळे, हे मी घरात आणि मैत्रिणींत वारंवार सांगत असते. तुम्हाला मात्र ते कधी नीट सांगणे झाले नाही. समोर बसून सांगू लागले की तुम्ही हसता आणि विषय पुस्तकांकडे नेता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असे. लिहावेसे वाटते, पण लिहिणे हे आपले काम नव्हे अशी समजूत करून घेतलेली माणसे, विशेषतः संसाराच्या धबडग्यातून आता कुठे मोकळ्या झालेल्या बायका, माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. त्यांना प्रतिभेच्या गोष्टी सांगून फारसा उपयोग होत नाही. नेमकी कोणती मदत मिळाली की लेखणी हलू लागते, हे मात्र तपशिलाने सांगण्यासारखे आहे.

माझा पहिला मजकूर तुम्हाला आठवत असेल. आई उन्हाळ्यात कुरडया करायची, आम्ही मुले लुडबुड करायचो, ते दिवस फार सुंदर होते, अशा अर्थाचे पान-दीड पान मी वहीत लिहून तुमच्या टेबलावर ठेवले होते. 'छान आहे' म्हणून वही परत करणे तुम्हाला सहज शक्य होते. तुम्ही ती घरी नेलीत, आणि ती माझ्या हाती परत आली तेव्हा समासात पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात, प्रश्न लिहिलेले होते : गहू किती दिवस भिजत? पाणी कोण बदलत असे? वास कसा येई? चीक शिजवताना आईच्या जोडीला कोण असे?

उत्तरे लिहायला बसले आणि जे विसरले आहे असे मला वाटत होते ते एकामागोमाग एक समोर येत गेले. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास; पाणी बदलताना बोटांना लागणारा बुळबुळीतपणा; वाटलेले गहू पिळून काढलेला चीक रात्रभर खाली बसल्यावर वरचे पाणी अलगद ओतून टाकणारी आई. हिंग-मिठाच्या आधणात एकीने चीक ओतायचा आणि दुसरीने चाटूने सतत ढवळत राहायचे, कारण हात थांबला की गुठळ्या झाल्याच. ही दुसरी म्हणजे शेजारच्या काकू. नळाच्या पाळीवरून त्यांचा आणि आईचा कित्येक महिने अबोला होता. तरीही कुरडयांच्या दिवशी त्या न बोलावता, पदर खोचून येत, दोघी एका शब्दाविना एकाच पातेल्यावर राबत, आणि गरम चिकाची पहिली वाटी आई काकूंच्या धाकट्यासाठी भरत असे. हे सगळे मी डोळ्यांनी पाहिले होते, पण त्याचा अर्थ मला तुमच्या चौथ्या प्रश्नापर्यंत कळला नव्हता. 'सुंदर दिवसां'वरचे ते पान दोन बायकांच्या अबोल्यावरचे झाले, आणि मी लिहिलेले, माझे स्वतःचे म्हणावे असे, ते पहिलेच होते.

प्रेरणा कुठूनतरी यावी लागते असे मी तोवर धरून चालले होते. आपल्याजवळच्या सामग्रीकडे कुणीतरी कुतूहलाने पाहिले, तिच्याविषयी मनापासून विचारले, की ती जागी होते, हे तुम्ही मला दाखवून दिलेत. स्तुतीने मला आनंद झाला असता, यात शंका नाही. पण स्तुती ऐकून मी ते दीड पान तसेच ठेवले असते.

भाषेच्या बाबतीतही तुम्ही हेच केलेत. 'आठवणींचा खजिना', 'निसर्गाची किमया' अशा शब्दांखाली तुमची पेन्सिल हलकीशी रेघ ओढी आणि बाजूला विचारी : हे तुम्ही बोलताना म्हणता का? पुस्तकी लिहिले नाही तर ते लेखन कसले, हा माझा समज काढण्यासाठी तुम्ही लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा हाती दिलीत. 1868 साली जन्मलेल्या, लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या या बाईंचे हे आत्मकथन 1934 पासून पुस्तकरूपाने येऊ लागले, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. माझ्यासारखीला धीर यायला एवढी एक गोष्ट पुरेशी होती. त्यांचे बोलल्यासारखे सरळ लिहिणे हा पुढचा धडा.

मध्यंतरी काहीच सुचेनासे झाले, त्या वेळी तुम्ही दुर्गाबाई भागवतांचे, बारा मराठी महिन्यांवरचे 'ऋतुचक्र' दिलेत आणि घरासमोरच्या एकाच झाडाची नोंद ठेवायला सांगितलेत. सुचायलाच हवे ही सक्ती त्यामुळे संपली. पाहायचे आणि लिहायचे, एवढेच उरले. आमच्या दारातला करंज मी इतकी वर्षे 'ते झाड' म्हणूनच ओळखत होते. चैत्रातली त्याची तकतकीत पालवी, लाह्या सांडाव्यात तसा खाली पडलेला फुलांचा सडा, पानांवर अळीने कोरलेल्या पांढऱ्या नागमोडी रेघा, असे टिपता टिपता एके दिवशी त्याच्या सावलीत पाटी टेकवून बसणाऱ्या भाजीवाल्या मावशी वहीत आल्या, मग त्यांची सून आली, आणि अडलेले लिहिणे कधी सुरू झाले ते माझे मलाच समजले नाही.

अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयांतल्या सेवकांचे वेतन किती तुटपुंजे असते, हे सर्वांना ठाऊक आहे. देवघेवीची नोंद, जुन्या पुस्तकांची बांधणी, वर्गणीचा हिशेब हे सारे सांभाळून तुम्ही सभासदांच्या वह्या घरी नेऊन वाचता. हे तुमच्या कामाच्या यादीत कुठेही नाही, आणि त्याची नोंद कुणीतरी जाहीरपणे करायला हवी, असे मला फार वाटते.

आता शेवटची आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट. वही पहिल्यांदा नेताना तुम्ही म्हणाला होतात की, जे पान दुमडलेले असेल ते मी वाचणार नाही. या एका वाक्यामुळे मला यजमानांच्या आजारपणाविषयी लिहिता आले. कुणी वाचणार नाही या खात्रीने मी त्यातला राग लिहिला, थकवा लिहिला, आणि जे बोलून दाखवणे मला या जन्मी जमले नसते तेही लिहिले. त्यानंतरची माझी न दुमडलेली पानेही अधिक खरी झाली, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. वह्या आपल्या दोघींमध्ये कितीतरी वेळा गेल्या-आल्या, दुमडी जशाच्या तशा राहिल्या. त्या पानांत काय आहे हे तुम्ही कधीही विचारले नाहीत. इतके सगळे प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही हा एक विचारला नाहीत, यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

आपली नम्र,
वाचनालयाची एक सभासद