पेटीतला पेंढा टाकू नका

मेडस्टन, केंट
२२ जून

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "माझ्या हाताला स्ट्रॉबेरीचं यश नाही, आता नाद सोडला." मुलांच्या गडबडीत बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून आज लिहायला बसले. कोथरूडच्या त्या गच्चीवर डालड्याच्या डब्यांत मोगरा फुलवणाऱ्या हाताला यश नाही, हे मला पटणारच नाही. रोपं गेली ती पुण्याच्या एप्रिलनं. तुम्ही ती जानेवारीच्या शेवटी आणलीत, म्हणजे त्यांच्या वाट्याला जेमतेम दोन महिने थंडी-गारवा आला. तेवढ्यात त्यांनी चार फळं दिली, हेच पुष्कळ.

तुम्ही मार्चमध्ये आनंदानं सांगितलं होतंत ना, की फुलं थांबली पण रोपाला लांबलांब दोरे सुटलेत, टोकाला इवली पानंही आली आहेत? तेव्हा मलाही ते चांगलंच लक्षण वाटलं होतं. आता कळतं, ते रनर. स्ट्रॉबेरीच्या बहुतेक जातींना फुलाची कळी धरायला दिवस लहान आणि रात्री थंड लागतात. दिवस मोठा झाला, ऊन तापलं, की झाड फुलं सोडून देतं आणि सगळी ताकद रनर काढण्यात घालतं. तुमचं रोप काही बिघडलं नव्हतं, त्याचा फळांचा मोसम संपला होता.

माझ्या अंगणातलं वेळापत्रक ऐकून तुम्ही गोंधळलात, तेही साहजिक आहे. इथे कळी धरते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मग झाड सगळा हिवाळा झोपतं, मे महिन्यात फुलतं आणि जूनमध्ये एकदम फळावर येतं. आज सकाळीच दोन वाट्या भरून काढली. महाबळेश्वर-पाचगणीला ती झोप नसतेच. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात लागवड, आणि डिसेंबरपासून मार्चपर्यंत तोडा चालू. तुम्ही माझ्याकडे बघू नका, महाबळेश्वरकडे बघा. पुण्यात स्ट्रॉबेरी म्हणजे हरभऱ्यासारखं रब्बीचं पीक समजायचं: ऑक्टोबरमध्ये लावायचं, मार्चमध्ये निरोप द्यायचा. तिथले शेतकरीसुद्धा दरवर्षी नवी रोपं लावतात. मी इथे तीन-चार वर्षं तीच झाडं ठेवते, पण पुण्याचा मे आणि त्यावर जुलैचा पाऊस काढायला लावणं म्हणजे त्यांचे हाल आहेत.

दादा दिवाळीच्या आसपास वाईला जाणारच आहे. तिथल्या रोपवाटिकेतून त्याला दहा-बारा रोपं आणायला सांगा. मुळं पांढुरकी, भरगच्च हवीत, काळी पडलेली नकोत. आणि मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची.

आता लावताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. मुळं संपतात आणि पानं सुरू होतात तिथे बोटाच्या पेराएवढा एक जाडसर गड्डा असतो, त्याला क्राऊन म्हणतात. तो मातीच्या बरोबर पातळीला यायला हवा. पहिल्या वर्षी मी मायेनं रोपं चांगली खोल लावली, वरून माती दाबली, वारा लागू नये म्हणून. पंधरा दिवस पाऊस लागला आणि बारापैकी सहा रोपांचं मधलं कोवळं पान तपकिरी झालं. हात लावला तर ते अलगद हातात आलं, खाली सगळं कुजलेलं. फार वाईट वाटलं होतं बाबा. उलट क्राऊन फार वर राहिला तर मुळं उघडी पडून सुकतात. लावून झाल्यावर पाणी घाला, माती बसू द्या आणि मग परत एकदा बघा.

माती आपल्या नेहमीच्या काळ्या मातीची नको. ती पाणी धरून बसते, आणि स्ट्रॉबेरीला किंचित आम्ल जमीन लागते, सामू (म्हणजे पीएच) साडेपाच ते साडेसहा. लाल माती, कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं शेणखत असं मिश्रण करा. मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात, त्यामुळे खोल कुंडी नको, पसरट हवी. पाणी मात्र बोअरचं घालू नका. क्षार या झाडाला अजिबात सोसत नाहीत, पानांच्या कडा करपतात. नळाचं पाणी पिंपात भरून ठेवा आणि सकाळी बुंध्याशी घाला, पानांवर नको. फुलं दिसली की नत्राचं खत हात राखून द्या, नाहीतर नुसता पाला माजतो.

हापूसच्या पेट्या संपल्या असतील ना? आईला सांगा, त्यातला पेंढा टाकू नकोस. पावसात भिजणार नाही असा पोत्यात भरून माळ्यावर ठेवा. फळं धरली की तो झाडाखाली पसरायचा. फळ ओल्या मातीला टेकलं की त्याला राखाडी बुरशी येते आणि शेजारच्या फळांनाही लागते. इथे आम्ही बार्लीचा पेंढा घालतो, हल्ली शेतांत प्लास्टिक अंथरतात, पण गच्चीवर पेंढाच बरा.

तुमची ती चार फळं एका बाजूनं चेपलेली होती, म्हणालात. ते परागीभवन नीट न झाल्यामुळे. फळावर बाहेरून जे पिवळे दाणे दिसतात ना, खरं फळ म्हणजे ते दाणे. लाल गर हा फुलाचा फुगलेला देठ आहे. ज्या दाण्यात बी धरतं त्याच्याभोवतीच गर भरतो, बाकी जागा खळग्यासारखी राहते. गच्चीवर मधमाश्या कमी, म्हणून तुळशीच्या कुंड्या जवळ सरकवा, मंजिऱ्यांवर त्या येतातच. शिवाय एक मऊ ब्रश घेऊन फुलाच्या मधल्या पिवळ्या गोंड्यावरून दुपारी हलकेच गोल फिरवा. नातवंडांना हे काम फार आवडेल.

तुम्ही इतिहास शिकवलात म्हणून हेही लिहिते. बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं मिळाली १७१३ साली. त्याच्या पुढच्याच वर्षी फ्रेझिए नावाचा एक फ्रेंच लष्करी अभियंता चिलीहून मोठ्या फळाच्या स्ट्रॉबेरीची रोपं घेऊन फ्रान्सला परतला. गेला होता स्पॅनिश किल्ल्यांची टेहळणी करायला! सहा महिन्यांच्या प्रवासात जहाजावर पिण्याच्या पाण्याचे हाल, तरी त्यानं पाच रोपं जगवली. पण ती सगळी मादी निघाली, फळ धरेना. पुढे फ्रान्सच्याच ब्रिटनी भागात त्यांच्या शेजारी उत्तर अमेरिकेतली लहान फळांची जात लावली गेली, दोघींचा संकर झाला आणि आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी जन्मली. ड्युशेन नावाच्या फ्रेंच तरुणानं १७६६ साली ही हकिगत पुस्तकात मांडली, तेव्हा पुण्यात माधवराव गादीवर होते. आपल्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, तीही याच घराण्यातली. तुम्ही हे मुलांना सांगाल तेव्हा माझ्यापेक्षा कितीतरी रंगवून सांगाल.

फळ देठापर्यंत लाल झाल्याशिवाय तोडू नका. आंब्यासारखी आढी घालता येत नाही, तोडलं की पिकणं तिथेच थांबतं. लाल झालं की बुलबुल आणि खारी तुमच्या आधी पोचतील, तेव्हा जाळी आधीच लावून ठेवा.

राहिला जागेचा प्रश्न. टाकीजवळचा कोपरा उन्हाचा आहे म्हणालात, पण तो आत्ता जूनमध्ये. हल्ली सूर्य डोक्यावरून, थोडा उत्तरेकडून जातो. डिसेंबरात तो दक्षिणेला कलेल आणि दक्षिणेच्या कठड्याची सावली लांबवर पडेल. म्हणून जागा आत्ता ठरवू नका. दसऱ्याच्या सुमाराला एक दिवस सकाळी आठला, बाराला आणि चारला वर जाऊन खडूनं सावलीच्या रेघा मारा, आणि त्याचा फोटो मला पाठवा. पुढे ती सावली आणखी किती लांबेल ते धरून आपण दोघं मिळून कुंड्या मांडू. पावसात जिन्यावरून जपून चढा.

आईला नमस्कार, मुलांना पापे.

तुमची,
धाकटी