भूक मंदावते, तशी तहानही

माननीय संपादक महोदय,

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांविषयी हल्ली पुष्कळ लिहिले जाते, पण त्यात चर्चा असते ती भुकेची. पाण्याचा विषय क्वचितच निघतो. ही इंजेक्शने आतड्यातील जीएलपी-१ या संप्रेरकाचे (हार्मोनचे) काम करतात, आणि आतड्यातील संप्रेरकांचा पाण्याशी संबंध जुनाच आहे. बेलिस आणि स्टार्लिंग या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञांना १९०२ मध्ये सापडलेले सिक्रेटिन, म्हणजे संप्रेरक म्हणून ओळखले गेलेले पहिलेच द्रव्य, स्वादुपिंडातून क्षारयुक्त पाणी सोडवते.

रिकाम्या पोटी प्यायलेल्या पेलाभर पाण्यातले निम्मे साधारण पंधरा-वीस मिनिटांत जठराबाहेर पडते. स्निग्ध जेवण मात्र तासन्‌तास रेंगाळते, कारण स्निग्धांश लहान आतड्याच्या आरंभी पोहोचताच तेथील पेशी कोलेसिस्टोकायनिन सोडतात, जठराचे खालचे दार आवळले जाते आणि मागचे अन्न मागेच थांबते. आणखी खाली, आतड्याच्या शेवटच्या भागातून येणारे जीएलपी-१ हा दुसरा ब्रेक. शरीरातले हे संप्रेरक दोनेक मिनिटांत निम्मे नष्ट होते, तर या इंजेक्शनांपैकी एकातले औषध, सेमाग्लुटाइड, निम्मे व्हायला सुमारे आठवडा लागतो. म्हणजे क्षणभर दाबायचा ब्रेक आपण आठवडाभर दाबून ठेवतो.

आता पाण्याचा हिशोब. आपण पितो ते सुमारे २ लिटर आणि लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून ७ लिटर, असे रोज जवळपास ९ लिटर पाणी आतड्यात उतरते आणि त्यातले जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर मलावाटे जाते. जीएलपी-१ मूत्रपिंडाला सोडियम बाहेर टाकायला लावते आणि त्याच्या मागोमाग पाणीही जाते. शिवाय या गटातल्या औषधांनी माणसे पाणी कमी पितात, असे चाचण्यांत दिसले आहे. त्यात मळमळ आणि उलट्यांची भर पडली, तर कोरड पडूनही पेल्याकडे हात जात नाही आणि मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक.

त्यामुळे ‘तहान लागेल तेव्हा प्या’ हा एरवी शहाणपणाचा सल्ला येथे अपुरा ठरतो. दिवसाला किती पाणी प्यायचे, हे इंजेक्शन सुरू करतानाच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे (हृदयविकार वा मूत्रपिंडविकार असलेल्यांनी तर नक्कीच), आणि उलट्या होत असताना लघवी कमी व गडद होऊ लागली, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना गाठावे.

आपली,
शरीरक्रियाशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका